कपाचा कान तिसऱ्यांदा तुटला तेव्हा

माझ्या एका लाडक्या कपाचा कान तीनदा तुटला आणि तिन्ही वेळा मी तो सुपरग्लूनेच चिकटवला, म्हणजे अक्कल किती ते बघा. पहिल्यांदा दोन दिवस टिकला, दुसऱ्यांदा आठवडाभर, आणि तिसऱ्यांदा मी जरा जास्तच ग्लू लावला, कारण मला वाटलं मागच्या वेळी कमी पडला असणार. मग एक दिवस त्यात उकळतं पाणी ओतलं, कप उचलला, कान हातात राहिला आणि कप गेला खाली. थेट पायावर. भाजलं फार नाही, पण दोन दिवस पायात काही घालवत नव्हतं आणि त्या दोन दिवसांत बसल्या बसल्या मी पहिल्यांदा त्या ट्यूबमागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं. आयुष्यात इतक्या ट्यूबा वापरल्या, मागची बाजू कधी वाचली नव्हती. तुम्हीही वाचली नसणार, खरं सांगा.

तर झालं असं की ग्लूचा दोष नव्हताच. सुपरग्लू हा प्रकार सरळ ओढलं तर जबरदस्त धरतो, पण वाळल्यावर तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, त्यामुळे धक्का बसला किंवा तिरका जोर आला की तडकतो. शिवाय साधारण ८० डिग्रीच्या वर तो ढिला पडायला लागतो आणि सारखा पाण्यात राहिला तर हळूहळू कमजोर होतो. आता कपाच्या कानाचं बघा. आत उकळतं पाणी, रोज धुणं, आणि उचलताना सगळं वजन दोन चिमुकल्या जोडांवर तरफेसारखं तिरकं येणार. म्हणजे या ग्लूला जे जे झेपत नाही ते सगळं मी त्याच्याकडून रोज सकाळी करून घेत होते.

यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. 'कुठला ग्लू सगळ्यात स्ट्राँग' हा प्रश्नच चुकीचा आहे, आधी विचारायचं की या जोडावर जोर कुठून येणार. चिकटपट्टीचं उदाहरण घ्या. भिंतीला लावलेली पट्टी आहे त्या जागेवर बोटाने सरकवायला जा, हलत नाही. पण कोपरा नखाने उचलून सोलायला लागा, सुर्रकन निघते. पट्टी तीच, गोंद तोच, फक्त सोलताना सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. बहुतेक सगळे ग्लू सरकवण्याच्या जोराला चांगले आणि सोलण्याच्या जोराला वाईट असतात. म्हणून टोकाला टोक लावून चिकटवण्यापेक्षा एकावर एक चढवून चिकटवलेलं जास्त टिकतं, आणि चिरलेल्या प्लास्टिकला नुसती चीर भरण्यापेक्षा मागून एक ठिगळ लावलं तर दहापट बरं. दहापट हा माझा अंदाज हं, मोजलेलं नाही.

सुपरग्लू वाळतो कसा हेही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं हवेने वाळतो. तो हवेने नाही, ओलाव्याने घट्ट होतो. प्रत्येक वस्तूच्या अंगावर हवेतल्या दमटपणाचा दिसणार नाही इतका पातळ थर असतो, तेवढ्या पाण्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या जुळायला सुरुवात होते आणि काही सेकंदांत पकड येते. आता यात मेख अशी की हा ओलावा फक्त पृष्ठभागावर आहे, म्हणजे तुम्ही जाड थर दिलात तर मधला ग्लू तसाच ओला राहतो. मी तिसऱ्यांदा 'जरा जास्तच' लावला होता ना, तोच मूर्खपणा. दोन तुकडे जितके एकमेकांना टेकतील तितकं चांगलं, साध्या जोडाला एक थेंब, फार तर दोन. आणि सेकंदात धरला म्हणून लगेच वापरायला घ्यायचा नाही, पूर्ण ताकद यायला त्यालाही २४ तास लागतात, हे त्याच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

याचा जन्मही गमतीशीर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरी कूव्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ ईस्टमन कोडॅक या कॅमेरा-फिल्मच्या कंपनीत बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, त्यात हे रसायन हाती लागलं आणि ते प्रत्येक गोष्टीला चिकटतंय म्हणून वैतागून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर तेच रसायन तपासायला म्हणून एका महागड्या उपकरणाच्या दोन प्रिझमच्या मध्ये घालून बसले आणि प्रिझम कायमचे चिकटले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अरे, चिकटणं हाच तर याचा गुण आहे. १९५८ मध्ये ते ईस्टमन ९१० या नावाने विकायला आलं. जी गोष्ट कित्येक वर्षं कटकट म्हणून पडून होती ती आज प्रत्येक घराच्या ड्रॉवरमध्ये आहे, अर्धी वाळलेली.

आता सेफ्टीचं. हे जरा नीट वाचा, कारण यातली एक गोष्ट मला स्वतःला अनुभवाने कळली आणि ती कुणीच सांगत नाही. सुपरग्लू आणि कापूस यांचं जमत नाही. एकदा टेबलावर ग्लू सांडला म्हणून मी घाईत कापसाचा बोळा घेऊन पुसायला गेले, आणि दोन सेकंदांत बोळ्यातून पांढरा धूर आणि बोटांना असा चटका की मी बोळा फेकूनच दिला. सुती कापड, कापूस, लोकर या धाग्यांवर पृष्ठभाग एवढा मोठा आणि ओलावा एवढा असतो की ग्लू एकदम सगळाच्या सगळा घट्ट होतो आणि ती सगळी उष्णता एका जागी बाहेर पडते. सुती पॅन्टवर सांडला तर खालची त्वचा भाजू शकते, लहान मुलांना असं भाजल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. त्यामुळे मांडीवर ठेवून चिकटवाचिकटवी करायची नाही, सुती हातमोजे घालायचे नाहीत (नायट्राइलचे किंवा साधे पॉलिथिनचे चालतात), आणि कपड्यावर सांडलाच तर कपडा ओढत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

बोटं चिकटली तर घाबरायचं काही नाही, सगळ्यांची चिकटतात. खेचायचं मात्र नाही, चामडी निघते. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, थोडं ढिलं झालं की चमच्याचा मागचा भाग किंवा पेन्सिल घालून हळूहळू सोलल्यासारखं सोडवा. ॲसिटोन असलेला नेलपॉलिश रिमूव्हर बोटांवर चालतो, पण तो चटकन पेट घेतो तेव्हा जवळ गॅस चालू नको, आणि डोळ्यांजवळ, तोंडाजवळ अजिबात नको. काही ठिपके राहिले तर राहू द्या, दोन-चार दिवसांत चामडीबरोबर आपोआप निघतात.

डोळ्याची गोष्ट वेगळी. ग्लूची छोटी बाटली आणि डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली हातात धरल्यावर सारखीच वाटते, आणि अंधारात, चष्मा न लावता लोकांनी खरंच ग्लू डोळ्यात घातलेला आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा. म्हणून ग्लू औषधांच्या डब्याजवळ ठेवायचाच नाही. उडालाच डोळ्यात तर कोमट पाण्याने धूत राहायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा, पापण्या चिकटल्या असतील तर जोर लावून उघडायच्या नाहीत, त्या काही दिवसांत स्वतःहून सुटतात. मुळात उडू नये म्हणून ट्यूब उघडताना तोंडापासून लांब, उभी धरा, आणि प्लीज दातांनी टोपण उघडू नका. मी लहानपणी बघितलंय कुणाचं तरी, नाव सांगणार नाही, घरात भांडणं होतील.

आणि जखमेवर सुपरग्लू लावायचा 'जुगाड' सांगणारे भेटतात. हॉस्पिटलमध्ये जखमा बंद करायला याच कुटुंबातला ग्लू वापरतात हे खरं आहे, पण तो वेगळा बनवलेला असतो, कमी जळजळ करणारा, निर्जंतुक. ड्रॉवरमधला तो नव्हे.

बरं, आता कामाचं. चिकटवण्यातला ऐंशी टक्के भाग ट्यूब उघडण्याच्या आधी होतो असं माझं मत झालंय (हाही अंदाजच). आधी तुकडे कोरडेच जुळवून बघा, कुठला कुठे बसतो, कुठे कपचा उडालाय, हातात कसे धरणार, कशाने दाबून ठेवणार. ग्लू लावल्यावर चिमटा शोधायला उठणारे लोक मी बघितलेत, आरशात. मग जुना ग्लू पूर्ण खरवडून काढा. नवा ग्लू जुन्या ग्लूला चिकटतो, वस्तूला नाही, आणि जुना आधीच हरलेला आहे. मग धुवा, स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका, बोटाचं तेल पुरतं पकड घालवायला. गुळगुळीत धातू किंवा प्लास्टिक असेल तर पॉलिश पेपरने थोडं खरबरीत करून परत पुसा.

स्वच्छ झालंय का बघायची एक साधी ट्रिक, पाण्याचा थेंब टाकायचा. पसरला तर ग्लूही पसरेल, गोळी होऊन उभा राहिला तर एकतर तेल आहे नाहीतर ते प्लास्टिकच तसलं आहे. टेस्ट झाली की नीट कोरडं करून घ्या.

तसलं म्हणजे काय, तर काही प्लास्टिकं चिकटतच नाहीत. वस्तूच्या तळाला तीन बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो तो बघा. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे प्रकार, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. बादल्या, डब्यांची झाकणं, बाटल्यांची टोपणं बहुतेक यातलीच. यांच्या अंगाला मेणासारखा गुण असतो, सुपरग्लू लावा, इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून लावायचा ग्लू) लावा, वाळून पापुद्रा निघतो. खास प्रायमरवाला (म्हणजे ग्लूच्या आधी लावायचं द्रव सोबत असलेला) ग्लू मिळतो त्याच्या बाटलीवर या प्लास्टिकचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. नाहीतर सरळ भोकं पाडून तारेने शिवा, मी बादलीची कडी तशीच केली आहे, दिसायला भयाण पण चालतेय. टेफ्लॉन आणि सिलिकॉनचीही तीच कथा. वाळलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीच चिकटत नाही, म्हणून बेसिनची जुनी सिलिकॉनची पट्टी निम्मी ठेवून वरून नवी ओढायची नाही, सगळी काढायची.

पारदर्शक वस्तूंबद्दल एक. चष्म्याची फ्रेम सुपरग्लूने चिकटवली आणि सकाळी काचांवर पांढरट धुकं, हे ज्याच्याबाबतीत झालंय त्याला कळेल. ग्लूची वाफ आजूबाजूला बसून तिथे घट्ट होते, पोलीस बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. ग्लू कमी लावा, पंखा दुरून हळू चालू ठेवा म्हणजे वाफ साचत नाही, आणि चष्म्याच्या काचा काढता येत असतील तर काढूनच ठेवा.

इपॉक्सीवर माझा जीव आहे. दोन ट्यूब, एक रेझिन आणि एक हार्डनर, मिसळलं की आपसात रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, पाणी-हवा काही लागत नाही, म्हणून जाड थर, मधली फट, उडालेला कपचा सगळं भरून निघतं. पण इथे प्रमाण म्हणजे प्रमाण. काहींचं एकास एक असतं, काहींचं दोनास एक, पॅकवर असेल तेच. 'हार्डनर जास्त घातला की लवकर होईल' असं वाटतं, होत नाही, जास्तीचा हार्डनर तसाच शिल्लक राहतो आणि जोड मऊ नाहीतर चिकट राहतो. लवकर हवं असेल तर खोली उबदार ठेवा, ढोबळमानाने दर १० डिग्रीला वेळ निम्मा होतो. मिसळताना कडेचं, तळाचं सगळं खरवडून निदान एक मिनिट ढवळा, ते लोक टूथपिकने दोन गोल फिरवतात तसं नको. पाच मिनिटवाला इपॉक्सी सोयीचा, पण जिथे खरा भार किंवा पाणी आहे तिथे २४ तासवालाच घ्या, आणि पाच मिनिटवाला सुद्धा पूर्ण पिकायला जवळपास एक दिवस घेतो.

क्राफ्टवाल्यांनी एक लक्षात ठेवा, साच्यात ओतायला म्हणून मोठा कप भरून रेझिन एकदम कालवलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं, कप वितळतो, धूर येतो. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ओता. आणि हातमोजे. इपॉक्सीचा वास फारसा नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण कच्चं रेझिन आणि हार्डनर वारंवार त्वचेला लागलं तर ॲलर्जी येऊ शकते आणि एकदा आली की सहसा जन्मभर राहते, मग थोडंसं लागलं तरी खाज, पुरळ, सूज. नायट्राइलचे मोजे घाला, हाताला लागलं तर साबणाने धुवा, ॲसिटोन किंवा थिनरने पुसू नका, त्याने ते आणखी आत जातं. अर्धवट पिकलेलं घासायचं पण नाही, ती पूड नाकात जाते.

लाकडाला यातलं काही लागत नाही, सुताराचा पांढरा गम पुरे. त्यातलं पाणी लाकडात शिरतं आणि मागे उरलेला गम घट्ट होतो, लाकूड रेषांच्या दिशेने जोडलेलं असेल तर लाकूड फाटेल पण जोड सुटणार नाही. फळीच्या कापलेल्या टोकाला मात्र तो शोषला जातो, तिथे नुसत्या गमवर भरवसा नको, खुंटी किंवा स्क्रू द्या. अर्धा-एक तास दाबून ठेवा, कडेने बारीक मणी मणी बाहेर आले की समजायचं प्रमाण बरोबर, पूर्ण भार दुसऱ्या दिवशी. जुनी खुर्ची असेल तर आधीचा गम काढायला गरम व्हिनेगर लावून मऊ करा, एका संध्याकाळचं काम आहे पण सांधा मोकळा होतो.

बुटाचा सोल उघडला तर पिवळा रबर सोल्यूशन, कारण तो वाळूनही लवचिक राहतो. यात सगळे चुकतात ते घाईमुळे. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा आणि मग गप्प बसायचं, दहा-पंधरा मिनिटं, बोट लावलं तर तार येत नाही इथपर्यंत. मग एकदाच नेमकं जुळवून जोरात दाबायचं, शक्य असेल तर हातोडीने ठोकायचं. किती वेळ दाबलं त्यापेक्षा किती जोरात दाबलं हे इथे महत्त्वाचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही हे लक्षात ठेवा, माझ्या एका बुटाचा सोल अजूनही थोडा डावीकडे बघतो. याच्यातलं सॉल्व्हंट पेट घेणारं असतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत जाऊन लांबच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते, म्हणून खिडकी उघडी आणि आसपास शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नको. मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, हुंगायची सवय लागते लोकांना आणि ती जिवावर बेतू शकते.

मुलांच्या क्राफ्टला काय द्यावं असं मैत्रिणी विचारतात. पांढरा गम. कंटाळवाणा आहे, वेळ लागतो, पण धुतला जातो. हॉट ग्लू गन द्यायची असेल तर लो टेम्परेचरवाली, तीही आपण शेजारी बसून, कारण कमी म्हणजे सुद्धा १२० डिग्रीच्या आसपास असतं आणि वितळलेला ग्लू त्वचेवर पडला की झटकून निघत नाही, तिथेच चिकटून भाजत राहतो. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवा, पडला तर आधी हात पाण्यात, ओढाओढी नंतर. सुपरग्लू मुलांना नाहीच, कितीही मोठी झाली आहेत असं ती म्हणाली तरी.

उरलेल्या ट्यूबचं काय. न उघडलेली सुपरग्लूची ट्यूब फ्रीजमध्ये छान राहते, फक्त घट्ट डब्यात आणि औषधांपासून लांब. उघडलेली असेल तर तोंड पुसून, टोपण लावून, उभी, घट्ट झाकणाच्या बरणीत, आत नव्या बुटांबरोबर येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नका, गार ट्यूबवर हवेतलं पाणी जमतं आणि हा प्राणी पाण्यानेच घट्ट होतो. मी आता प्रत्येक ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहिते.

आणि तो कप. चौथ्यांदा मी जुना ग्लू ॲसिटोनने पूर्ण काढला, दोन्ही बाजू घासल्या, २४ तासवाला इपॉक्सी लावला आणि टेपने बांधून दोन दिवस हात लावला नाही. पण त्यातून पिणं बंद. घरगुती इपॉक्सी तोंडाला लागणाऱ्या भांड्यासाठी बनवलेला नसतो, गरम पाण्यात तर नाहीच. सोनेरी पावडर घालून तडा मिरवायची जपानी पद्धत, किंत्सुगी, तिची सध्या किट्स मिळतात, त्यातही बऱ्याचदा इपॉक्सीच असतो, मूळ पद्धतीत झाडाच्या चिकाचं लॅकर असतं आणि ते पिकायला कितीतरी आठवडे लागतात. त्यामुळे माझा कप आता टेबलावर असतो, त्यात पेनं आणि एक कात्री. दीड वर्ष झालं, कान हललेला नाही, तरी कुणी तो कानाला धरून उचलायला लागलं की मी आतल्या खोलीतून ओरडते, खालून धर.